माउंटन बाइक हलकी करताना: खान्देशातल्या वाटांवर काय काढावं, काय ठेवावं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे नवीन माउंटन बाइक घेतलेल्या माणसाला एक-दोन महिन्यांत हाच प्रश्न पडतो: सायकल जड आहे, हलकी कशी करू? लळिंगच्या चढावर किंवा चाळीसगावहून कन्नड घाट चढताना दम लागला की नजर आधी सायकलकडेच जाते. मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि कार्बनचं हँडल, टायटॅनियमचे बोल्ट, पातळ शर्यती टायर यांच्या याद्या समोर येतात. त्या याद्या चुकीच्या नाहीत. पण त्या ज्या वाटांसाठी केल्या आहेत तिथे सराटे नाहीत, वेडी बाभूळ नाही, तुरीची कापलेली खुंटं नाहीत आणि मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊनही नाही. आपल्याकडे सायकल हलकी करायची तर ती घरापासून सातपुड्यापर्यंत आणि सातपुड्यापासून घरापर्यंत टिकली पाहिजे, हे धरूनच करायची.

कुठलाही भाग बदलण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: हा भाग वाटेत तुटला तर काय होईल? काहीच होणार नसेल तर तो भाग बिनधास्त काढा किंवा हलका करा. पायी घरी यावं लागणार असेल तर विचार करून बदला. तुम्ही तोंडावर पडणार असाल, तर तिथलं वजन तसंच राहू द्या.

आधी वजनकाटा

डोळ्यांनी वजन कळत नाही. प्रवासाच्या बॅगा मोजायचा लटकता डिजिटल काटा घ्या, सीटखाली अडकवून सायकल उचला आणि आकडा वहीत लिहा. सुटे भाग घरातल्या स्वयंपाकाच्या काट्यावर मोजता येतात. तो नसेल तर किराणा दुकानातला काटाही चालतो. जुना भाग काढला की त्याचं वजन, नवा बसवण्याआधी त्याचं वजन, आणि शेजारी किंमत. फरकाच्या ग्रॅमनं किमतीला भागलं की एक ग्रॅम किती रुपयांना पडला ते कळतं. समजा टायरची जोडी पाच हजारांना आली आणि ४०० ग्रॅम वाचले, तर ग्रॅम साडेबारा रुपयांना पडला. टायटॅनियमच्या बोल्टांना हाच हिशेब लावून पाहा, मोह आपोआप कमी होईल.

बाजारातली पंधरा ते तीस हजारांतली बहुतेक माउंटन बाइक चौदा ते सोळा किलोंची असते. आता एक हिशेब आधीच करून ठेवू, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील. माणूस ७० किलो, सायकल १५, पाणी आणि अवजारं ३. एकूण ८८ किलो. यातला एक किलो कमी केला तर एकूण वजन जेमतेम एक टक्क्यानं घटतं. खड्या चढावर जवळजवळ सगळी ताकद वजन वर चढवण्यातच जाते, म्हणून वेळही तेवढाच वाचतो: तासाभराच्या घाटात साधारण चाळीस सेकंद. एवढ्यासाठी कुणी पन्नास हजार खर्चू नयेत. तरीही हलकी सायकल सुखाची असते. ती वळणावर चटकन वळते, थांबून पुन्हा निघताना ओढत नाही, आणि नाल्यातून किंवा दगडांच्या टप्प्यावर खांद्यावर घ्यायची वेळ आली की दीड-दोन किलोंचा फरक खांद्याला स्पष्ट कळतो.

फुकटातलं वजन

पहिला दिवस फक्त पाना आणि अ‍ॅलन की (सहाकोनी चावी) घेऊन बसायचं. स्टँड काढा, एकटा तोच तीनशे ग्रॅमच्या पुढे जातो. मागच्या चाकात फ्रीव्हीलच्या मागे असलेली प्लॅस्टिकची चकती गिअर नीट बसवलेले असतील तर नको आहे. सीटवरचं जेलचं कव्हर, कॅरिअर, पुढची शोभेची जाळी, न वापरलेले क्लॅम्प, सगळं डब्यात ठेवा. साखळीचं कुलूप रोज फ्रेमला गुंडाळून फिरत असाल तर तेही घरी ठेवा. त्याचं वजन कित्येकदा एक किलोच्या आसपास असतं आणि रविवारी पहाटे डोंगराकडे जाताना त्याचा उपयोग नसतो.

घंटी मात्र राहू द्या. घाटातल्या आंधळ्या वळणावर समोरून शेळ्यांचा कळप आला की तिची किंमत कळते. मागचा लाल दिवाही राहू द्या, कारण डोंगरापर्यंत पोचायला बहुतेकांना महामार्गाचा तुकडा चालवावा लागतो आणि पहाटेच्या अंधारात ट्रक भरधाव असतात.

एवढं केलं तरी पाचशे-सहाशे ग्रॅम गेलेले असतात, एक रुपयाही न खर्चता.

टायर आणि ट्यूब: खरा पैसा इथे लावा

वेग घेताना चाकाच्या कडेचं वजन दुप्पट जाणवतं, कारण त्याला पुढेही न्यायचं असतं आणि गोल फिरवायचंही असतं. एकसारख्या गतीनं घाट चढताना हा फरक उरत नाही. तिथे वजन कुठेही असो, सारखंच. पण आपल्या वाटांवर एकसारखी गती असते कुठे? गाडवाटेवर दर शंभर पावलांवर खड्डा, दगड, बैलगाडीची चाकोरी. सतत थांबणं, सतत जोर लावणं. म्हणून टायरमधला प्रत्येक ग्रॅम मोलाचा.

सायकलीबरोबर आलेले टायर बहुधा कडेत पोलादी तार असलेले असतात. त्याच मापाचे घडी होणारे टायर घ्या. त्यांच्या कडेत तारेऐवजी केव्हलारचा धागा असतो. २९ इंची, २.२५ रुंदीचा तारेचा टायर साडेआठशे-नऊशे ग्रॅम भरतो, घडीचा साडेसहाशे ते आठशेच्या दरम्यान. जोडीमागे दोनशे ते चारशे ग्रॅम सहज वाचतात.

इथे एक मर्यादा पाळा. पाचशे-साडेपाचशे ग्रॅमचे शर्यतीचे टायरही मिळतात. ते सातपुड्यात नेऊ नका. आपला डोंगर बेसाल्टचा. फुटलेल्या काळ्या दगडाची धार टायरची बाजू उभी चिरते, आणि बाजूची चीर पॅचनंही नीट बुजत नाही, टायरमध्ये ओतायच्या छिद्र बुजवणाऱ्या द्रवानंही नाही. म्हणून बाजूला जादा थर असलेला टायर घ्या. मॅक्सिसच्या टायरवर ‘एक्सो’ लिहिलेलं असतं ते याच थरासाठी. इतर कंपन्यांची नावं वेगळी असतात, दुकानदाराला ‘साइडवॉल प्रोटेक्शन’ विचारा. या थराचे पन्नास-शंभर ग्रॅम आनंदानं वागवा.

आता काट्यांचं. आपल्याकडे तीन वेगवेगळे शत्रू आहेत आणि तिघांवर उपाय एकच नाही. सराटा पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला, बांधावर पिवळ्या फुलांनी पसरतो आणि दिवाळीच्या सुमारास वाळून त्याची काटेरी फळं गळतात. ते फळ कसंही पडलं तरी एक काटा वरच राहतो. एका फेरीत टायरमध्ये दहा-बारा सराटे रुतणं नवलाचं नाही. दुसरी बाभूळ आणि वेडी बाभूळ. तिचा लांब काटा टायर आणि ट्यूब पार करून थेट रिमच्या पट्टीपर्यंत जातो. तिसरी तुरीची आणि कपाशीची खुंटं: पीक कापल्यावर तिरपी राहिलेली, सुरीसारखी. शेतातून आडवं जायचा मोह होतो तेव्हा तीच टायर फाडतात.

यावर इथला जुना उपाय म्हणजे जुनी ट्यूब चिरून टायरच्या आत अस्तर घालणं, किंवा जाड ट्यूब टाकून तिच्यात हिरवं द्रव ओतणं. काटा अडतो हे खरं, पण चाकामागे दोनशे-तीनशे ग्रॅम वाढतात आणि तेही नेमके कडेला. त्यापेक्षा ट्यूबलेस करा, म्हणजे ट्यूब काढून टायर थेट रिमवर हवाबंद बसवा. रिम आणि टायर दोन्हींवर ‘ट्यूबलेस रेडी’ लिहिलेलं हवं. रिमला ट्यूबलेसची टेप, वेगळा वॉल्व्ह आणि २.२५च्या टायरला ९० ते १०० मिलिलीटर सीलंट, म्हणजे छिद्र आपोआप बुजवणारा द्रव. साध्या ट्यूबचे दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम जातात, सीलंट, टेप आणि वॉल्व्हचे सव्वाशेच्या आसपास येतात. म्हणजे चाकामागे शंभर ग्रॅमच वाचतात. पण सराट्याचं पंक्चर जवळपास संपतं. काटा दिसला की उपटायचा, छिद्र खाली आणून चाक फिरवायचं, फुसफुस थांबते. वजन आणि टिकाऊपणा एकाच खर्चात सुधारणारी माउंटन बाइकवर एवढी चांगली दुसरी गोष्ट नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. सीलंटमधलं पाणी उन्हाळ्यात भराभर उडतं आणि आत रबराचं साय उरतं. मार्च ते जून दर दीड महिन्यानं तपासा, कमी असेल तर वॉल्व्हमधून भरा. सायकल पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहत असेल तर त्याहून लवकर. आणि साध्या रिमवर टेप चिकटवून जुगाडाचं ट्यूबलेस करू नका. त्या रिमला टायर धरून ठेवणारी कड नसते. वळणावर टायर निसटला की पुढचं सांगायला नको.

रिम ट्यूबलेसची नसेल तर घडीचे टायर, साधी ट्यूब आणि ट्यूबमध्येच थोडं सीलंट. पण त्यासाठी वॉल्व्हचा गाभा काढता येणारी ट्यूब लागते. टीपीयू नावाच्या पातळ प्लॅस्टिकच्या नव्या ट्यूब शंभर ग्रॅमच्याही आत येतात आणि मुठीत मावतात. रोजच्या वापरासाठी मी त्या सुचवणार नाही, कारण सराट्यापुढे त्याही हरतात आणि त्यांना वेगळे पॅच लागतात. मात्र पिशवीतली जादा ट्यूब म्हणून त्या उत्तम.

हवेबद्दलही बोलायला हवं, कारण हलके टायर घालून हवा ठासून भरली तर सगळं वाया. सायकलच्या दुकानात टायर दगडासारखा होईपर्यंत भरून देतात. सत्तर किलोंच्या माणसाला २.२५च्या ट्यूबलेस टायरमध्ये २० ते २४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), ट्यूब असेल तर २८ ते ३२ पुरतात. मागे दोन-तीन जास्त. टायर दगडावरून उड्या न मारता दगड गिळत जातो आणि चढावर मागचं चाक घसरत नाही. स्वतःचा मोजमापाचा पंप ही चैन नाही.

रिम आणि आरे

चाकं बदलायची वेळ आली तर हे लक्षात ठेवा: आरे ३२च ठेवा. २८ किंवा २४ आऱ्यांची चाकं हलकी असतात, पण एक आरा तुटला की चाक एवढं आऊट जातं, म्हणजे वाकडं फिरतं, की फ्रेमला घासतं आणि पुढे चालवता येत नाही. ३२ मधला एक तुटला तर ब्रेकजवळ थोडं लपकत का होईना, घरी येता येतं.

आऱ्यांमध्ये मात्र एक छान गोष्ट आहे. ‘डबल बटेड’ आरे दोन्ही टोकांना २ मिलिमीटर जाड आणि मधे १.८ किंवा त्याहूनही बारीक असतात. ते जोडीला सत्तर-ऐंशी ग्रॅम हलके, आणि एकसारख्या जाड आऱ्यांपेक्षा जास्त टिकतात. मधला बारीक भाग धक्का बसला की किंचित ताणतो, त्यामुळे हबजवळच्या (चाकाच्या मधल्या भागाजवळच्या) वाकणावर ताण कमी येतो, आणि आरा तुटतो तो बहुधा तिथेच. आरा रिमला आवळून धरणारे निपल पितळेचेच घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या निपलनं चाळीसेक ग्रॅम वाचतात, पण ते गंजून धरतात आणि आऊट काढताना (चाक सरळ करताना) चौकोनी डोकं गोल होतं. तालुक्याच्या गावातला मेकॅनिक पितळेचं निपल कुठल्याही पान्यानं फिरवू शकतो.

पुढचा चिमटा

पुढचं चाक धरणारा चिमटा (फोर्क): स्वस्त माउंटन बाइकमधला सगळ्यात जड एकटा भाग हाच. स्प्रिंगचा सस्पेन्शन चिमटा अडीच ते पावणेतीन किलोंचा असतो. हवेचा चिमटा लावला तर सहाशे ते आठशे ग्रॅम वाचतात आणि आपल्या वजनाप्रमाणे त्यात हवा कमी-जास्त करता येते. पण तो महाग, आणि त्याला निगा लागते. उन्हाळ्यातला फुफाटा सीलवर बसतो आणि काच कागदासारखा नळीला घासतो. प्रत्येक फेरीनंतर नळ्या कोरड्या फडक्यानं पुसायच्या, आणि साधारण पन्नास तास चालवल्यावर खालच्या नळ्या उघडून तेल बदलायचं. हे स्वतः शिकायची तयारी नसेल आणि जवळ करणारा कुणी नसेल, तर हवेचा चिमटा वर्षभरात जाम होईल.

ज्यांची बहुतेक सायकल शिवाररस्त्यांवर, मुरमाच्या वाटांवर आणि घाटातल्या डांबरावर चालते त्यांना मी दुसराच मार्ग सुचवेन: सस्पेन्शन नसलेला सरळ चिमटा. अ‍ॅल्युमिनियमचा किलोभर भरतो, पोलादाचा थोडा जास्त. दीड किलोच्या आसपास वजन एका झटक्यात जातं आणि बिघडण्यासारखं काही उरतच नाही. हाताला धक्के जास्त बसतात, त्यावर रुंद टायर आणि कमी हवा हा इलाज आहे. तोरणमाळच्या घाटरस्त्यानं सुमारे साडेअकराशे मीटर उंचीपर्यंत चढायचं असेल तर सरळ चिमटा सुखाचा. पण दगडधोंड्यांच्या वाटेनं उतरायची हौस असेल तर नको.

विकत घेण्याआधी चार मापं घ्या. वरची नळी सरळ की खाली रुंद होत जाणारी, एक्सल कोणत्या जाडीचा, डिस्क ब्रेकचं कॅलिपर कसं बसतं, आणि एक्सलपासून चिमट्याच्या खांद्यापर्यंतची लांबी किती. शेवटचं माप लोक विसरतात. शंभर मिलिमीटर खेळाचा (म्हणजे तेवढा दबू शकणारा) २९ इंची सस्पेन्शन चिमटा पाचशेच्या थोडा पुढे असतो, बसल्यावर वीसेक मिलिमीटर दबतो; म्हणून सरळ चिमटा ४७० ते ४९० चा हवा. फार आखूड घेतला तर पुढची बाजू खाली येते, हँडल चंचल होतं आणि उतारावर सायकल पुढे कलंडल्यासारखी वाटते. वीस मिलिमीटरला कोन साधारण एक अंशानं बदलतो.

गिअर

पुढे तीन चकत्या असलेली सायकल एका चकतीवर आणली की पुढचा डिरेलर (चेन सरकवणारा भाग), त्याचा हँडलवरचा शिफ्टर, केबल आणि दोन चकत्या जातात. मागे मोठी कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) येते, तिचं वजन थोडं परत चढतं. हाती तीनशे-चारशे ग्रॅम लागतात. भीती असते ती चढाच्या गिअरची. पुढे ३०, मागे ४२ दात धरले तर गुणोत्तर ०.७१ येतं, आधीच्या तीन चकत्यांवरचं २४ आणि ३४ चंही तेवढंच. म्हणजे घाटात काही गमावत नाही. मागचा डिरेलर ४२ दात झेपणारा हवा आणि पुढची चकती आलटून-पालटून जाड-बारीक दातांची हवी, नाहीतर खडबडीत वाटेवर चेन उतरते.

मात्र मागच्या हबवर आट्यांचं फ्रीव्हील असेल तर गिअरवर पैसे घालू नका. त्या रचनेत उजव्या बाजूचं बेअरिंग बरंच आत असतं, एक्सलचा लांब भाग आधाराविना राहतो आणि खड्ड्यांत वाकतो. आधी कॅसेट बसणाऱ्या हबचं चाक, मग बाकीचं.

संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमची कॅसेट आपल्या धुळीत लवकर झिजते. सगळ्यात मोठी एक-दोन चक्रं अ‍ॅल्युमिनियमची आणि बाकी पोलादाची, हे पुरेसं हलकं आणि पुरेसं टिकाऊ.

सीट, दांडा, पायडल

फार बोलण्यासारखं नाही. पोलादी सीटचा दांडा बदलून अ‍ॅल्युमिनियमचा घातला की दोनशे ग्रॅम जातात. व्यास मोजमापाच्या व्हर्निअर कॅलिपरनं मोजा, अंदाजानं घेऊ नका, आणि दांड्यावरची किमान खोलीची खूण फ्रेमच्या आत गेलीच पाहिजे. गुबगुबीत सीटच्या जागी क्रोमोलीच्या रुळांची सव्वादोनशे-तीनशे ग्रॅमची सीट घ्या, पण आधी कुणाची तरी बसून बघा. नायलॉनचे रुंद पायडल धातूच्या जड पायडलांपेक्षा हलके असतात आणि दगडावर आपटले तर घसरून जातात.

हँडल पोलादी असेल तर चांगल्या कंपनीचं अ‍ॅल्युमिनियमचं लावा. कार्बनचं नको. काळी-पिवळीच्या टपावर दोरीनं करकचून बांधलेली सायकल कितीदा आपटते ते पाहिलं आहेच; कार्बनला आतून गेलेला तडा बाहेरून दिसत नाही.

जिथे हात लावायचा नाही

ब्रेकची डिस्क लहान करू नका. तीस-चाळीस ग्रॅमसाठी तोरणमाळच्या उतारावर तापलेले ब्रेक परवडत नाहीत. हँडल धरून ठेवणाऱ्या पकडीचे (स्टेमचे), ब्रेकच्या कॅलिपरचे आणि डिस्कचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमचे करू नका. फ्रेमला किंवा कुठल्याही भागाला ड्रिलनं भोकं पाडू नका. पंप, ट्यूब, टायरचं छिद्र बुजवायचे प्लग, चेन जोडायची कडी आणि बहुउपयोगी अ‍ॅलन की यांची पिशवी घरी ठेवू नका. अक्कलकुवा-धडगावच्या आतल्या पाड्यांवर सायकलचं दुकान मिळणार नाही.

आणि पाणी. ते वजनात धरायचंच नाही. एप्रिलपासून दोन लिटरच्या खाली निघू नये, पहाटे निघावं आणि ऊन तापायच्या आत परतावं. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, म्हणजे वर सांगितलेली सगळी बचत जवळपास परत चढली; तरीही ते सोबत हवंच.

पावसाळ्यात वेगळा हिशेब. पहिला पाऊस पडला की काळी माती टायरला धरते, थरावर थर चढतो, चिमट्यात आणि फ्रेममध्ये ठासतो आणि चाक फिरायचं थांबतं. दोन-तीन किलो माती क्षणात चढते. टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंनी बोटभर तरी जागा सोडा, म्हणून २.४ चा टायर बसत असला तरी पावसाळ्यात २.२ चा, मोकळ्या नक्षीचा बरा. जून ते सप्टेंबर शेतातल्या काळ्या वाटा टाळून मुरमाच्या आणि डोंगरातल्या खडकाळ वाटा धरा.

कुठे थांबायचं

साडेपंधरा किलोंची सायकल धरा. फुकटातले सहाशे, टायरचे तीनशे, ट्यूबलेसचे दोनशे, दांडा आणि सीटचे चारशे, हवेच्या चिमट्याचे सातशे, पायडलचे शंभर. सायकल सव्वातेरा किलोंवर आली आणि एकही भाग कमकुवत झाला नाही. याच्या पुढचा प्रत्येक ग्रॅम महाग होत जातो आणि टिकाऊपणातून वजा होऊ लागतो. सुधारणांचा एकूण खर्च सायकलच्या किमतीच्या निम्म्यावर जायला लागला तर तिथेच थांबा आणि पुढच्या चांगल्या सायकलसाठी पैसे साठवा. संपूर्ण पोलादी, अठरा किलोंच्या सायकलला तर फक्त फुकटातलं काढा आणि टायर बदला.

सगळे बदल एकाच दिवशी करू नका. एक भाग, मग आठवडाभर रोजच्या ओळखीच्या वाटेवर. मेहरूण तलावाभोवती किंवा गावाबाहेरच्या कॅनॉलच्या रस्त्यानं. काही कुरकुरलं तर कशामुळे ते लगेच कळतं. हँडलच्या पकडीचे बोल्ट पाच-सहा न्यूटन मीटरवर, तेही टॉर्क पान्यानं आणि चारही आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. मुरमाच्या वाटेवर पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, कारण नवे भाग बसतात आणि थोडे सैल होतात. नवे आरे असतील तर पन्नासेक किलोमीटरनंतर चाक एकदा आऊट काढून घ्या.